स्वस्तातला ‘स्टुडिओ हेडफोन’: घ्यावा की थांबावं?

घरच्या घरी पॉडकास्ट करणारे, ऑडिओबुकसाठी आवाज देणारे, ऑनलाइन गाण्याचे वर्ग घेणारे, नुकतंच रेकॉर्डिंग शिकू लागलेले असे अनेक वाचक वेगवेगळ्या शब्दांत एकच शंका विचारत असतात. चार-पाच हजारांत स्टुडिओ हेडफोन मिळतोय, तेवढ्याच पैशांत चांगला ब्लूटूथही येतो, मग हा वायरवाला का घ्यायचा? आणि इतका स्वस्त आहे तर तो खरोखर स्टुडिओत चालण्यासारखा असेल का?

उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकू. साधारण दोन ते दहा हजारांच्या टप्प्यातला, नावाजलेल्या ऑडिओ कंपनीचा, वायरचा आणि बंद कपांचा हेडफोन आवाजातले दोष पकडायला पुरेसा असतो. माइकची खरखर, जोरात घेतलेला श्वास, ओठांची चपचप, पंख्याची घरघर, एडिटिंगमध्ये उघडा राहिलेला सांधा हे सगळं तो दाखवतो. पण गाण्यात बेस किती ठेवायचा, रिव्हर्ब किती द्यायचा, वाद्यं डावी-उजवीकडे किती पसरवायची याचा शेवटचा निवाडा एकट्या त्याच्या भरवशावर करू नका. दोष पकडण्याचं काम असेल तर तुमचे पैसे वसूल होतील. निवाड्याचं असेल तर सोबत आणखी काही लागेल. आणि लोकलमध्ये किंवा एसटीत गाणी ऐकायची असतील तर हा हेडफोन तुमच्यासाठी नाही.

आधी काम ठरवा

पुढचं वर्षभर हेडफोन लावून तुम्ही नेमकं काय करणार आहात, ते खरेदीआधी लिहून काढा. बहुतेक फसगत इथेच होते. काम ठरलेलं नसतं, आणि दुकानदार किंवा एखादा व्हिडिओ ते ठरवून देतो.

- बोलण्याचं रेकॉर्डिंग आणि एडिटिंग. पॉडकास्ट, ऑडिओबुक, व्हिडिओचं निवेदन, व्याख्यानं. बिनधास्त घ्या. या टप्प्यातले हेडफोन या कामाला सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.
- ट्रॅकवर गाणं किंवा वाद्य वाजवणं. घ्या, पण बंद कपांचाच.
- मिक्सिंग शिकणं. घ्यायला हरकत नाही. मात्र केलेलं मिक्स फोनच्या स्पीकरवर, गाडीत आणि जमल्यास एखाद्या बऱ्या स्पीकरवर ऐकून पाहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. हेडफोनमध्ये डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानापर्यंत पोचतच नाही. स्पीकरवर तो पोचतो. त्यामुळे हेडफोनमध्ये प्रशस्त वाटलेलं मिक्स खोलीत आकसून जातं.
- रियाज, ऑनलाइन शिकवणी. गुरुजींची मींड, कणस्वर नीट ऐकायला वायरचा हेडफोन उत्तम. पण त्याला माइक नसतो, हे ध्यानात असू द्या. फोनला जोडलात तर बोलताना फोनचाच माइक वापरावा लागेल.
- प्रवास, फोनवर बोलणं, व्यायाम. नको. तीन मीटरची वायर आणि माइकचा अभाव, दोन्हींचा जाच होईल.

ब्लूटूथवाल्यांसाठी इथे जरा थांबतो. ब्लूटूथने आवाज कानापर्यंत यायला शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. सिनेमा बघताना ॲप चित्र मागे-पुढे करून ते झाकतं, म्हणून जाणवत नाही. गाताना झाकता येत नाही. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर झाला की स्वतःचा आवाज जवळजवळ अर्धी मात्रा मागून ऐकू येतो. अशा वेळी तालात पक्का असलेला माणूसही डळमळतो. तुमच्या ब्लूटूथ हेडफोनला वायर जोडायची सोय असेल तर तात्पुरतं काम भागेल. नवा घेत असाल तर रेकॉर्डिंगसाठी वायरचाच घ्या.

खोक्यावरचे आकडे: कुठले वाचायचे, कुठले सोडायचे

‘स्टुडिओ’, ‘प्रो’, ‘मॉनिटर’ हे शब्द खोक्यावर छापायला कुठलं प्रमाणपत्र लागत नाही. त्यांवरून काहीच ठरवू नका. आकड्यांपैकी काही मात्र कामाचे असतात.

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स सोडून द्या. ‘५ ते ४०,००० हर्ट्झ’ असं लिहिलेलं दिसेल. माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २० ते २०,००० हर्ट्झ, आणि वय वाढेल तशी वरची बाजू आणखी खाली येते. काळी एकच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते. म्हणजे ५ हर्ट्झच्या दाव्याने तुमच्या कामात काडीचाही फरक पडत नाही. शिवाय त्या पट्ट्यात आवाज कुठे फुगतो आणि कुठे बसतो हे हा आकडा सांगत नाही, आणि खरी गोम तर तिथेच असते.

इम्पिडन्स वाचा. तो ओहममध्ये दिलेला असतो, आणि तो जास्त असेल तर हेडफोन मोठ्याने वाजवायला सहसा जास्त ताकदीचं यंत्र लागतं. ३० ते ८० ओहमचे हेडफोन लॅपटॉपवर आणि साध्या ऑडिओ इंटरफेसवर सहसा नीट चालतात. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत विकला गेला आहे, आणि तीनही दिसायला बरेचसे सारखे. त्यातला २५० ओहमचा कुणी ‘जास्त ओहम म्हणजे जास्त चांगला’ म्हणून गळ्यात मारला आणि तुम्ही तो फोनला लावलात, तर आवाज इतका बारीक येईल की हेडफोनच खराब आहे असं वाटेल.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच ताकदीवर हेडफोन किती मोठ्याने वाजतो तो आकडा, जपून वाचा. सोनीच्या एमडीआर-७५०६ वर १०६ डेसिबल लिहिलेलं असतं, ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम२०एक्सवर ९६. दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट मोठा वाटतो. त्यामुळे दुकानात एकाच फोनवर, आवाज न बदलता, दोन्ही पाठोपाठ लावले तर पहिला ‘दणदणीत’ आणि दुसरा ‘मरगळलेला’ वाटणार. त्यात गुणवत्तेचा संबंध नसतो. तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा लागेल असा आधी जुळवून घ्या. निम्म्या चुकीच्या खरेद्या एवढ्याने टळतील. काही कंपन्या हा आकडा मिलिवॉटवर देतात तर काही व्होल्टवर, म्हणून एकक वेगळं असेल तर नुसते आकडे शेजारी ठेवून काही ठरवू नका.

पिन बघा. ऑडिओ इंटरफेसला आणि मिक्सरला बहुतेक वेळा ६.३ मिलिमीटरची मोठी पिन लागते, लॅपटॉपला ३.५ची छोटी. मोठ्या पिनचा ॲडॉप्टर खोक्यात येतो का, ते विचारा. फोनला गोल सॉकेटच नसेल तर यूएसबी-सीचं कनेक्टर घ्यावं लागेल. ते घेताना त्यात डीएसी (डिजिटल आवाजाचं ॲनालॉगमध्ये रूपांतर करणारी चिप) आहे याची खात्री करा. डीएसी नसलेली अगदी स्वस्त कनेक्टर काही फोनवर मुकीच राहतात.

बंद, अर्धउघडा, उघडा

इथे फार खोलात जायचं कारण नाही. कपाची मागची बाजू बंद असेल तर आवाज बाहेर कमी जातो आणि बाहेरचा आत कमी येतो. उघडी असेल तर आवाज मोकळा, नैसर्गिक वाटतो, पण शेजारी बसलेल्यालाही ऐकू जातो आणि माइकमध्येही शिरतो. अर्धउघडा या दोहोंच्या मधला. माइकसमोर बसणार असाल तर बंद. शांत खोलीत फक्त एडिटिंग आणि मिक्सिंग करणार असाल तर अर्धउघडा चालेल. एकच घेणं परवडत असेल तर बंदच घ्या, कारण दोन्ही कामं तोच उरकू शकतो.

या टप्प्यातली ओळखीची नावं

ही यादी खरेदीचा हुकूम नव्हे. भाव सणासुदीला आणि विक्रेत्यागणिक बदलतात, काही मॉडेलं अधूनमधून दहा हजारांच्या वरही जातात. घ्यायच्या दिवशीचा भाव बघून ठरवा.

सोनी एमडीआर-७५०६. १९९१पासून बाजारात आहे आणि जगभरातल्या प्रसारण आणि ध्वनिमुद्रणाच्या कामात आजही दिसतो. बंद कप, ६३ ओहम, वजन सुमारे २३० ग्रॅम, वायर गुंडाळीची. वरचे स्वर तो थोडे पुढे आणून दाखवतो, त्यामुळे ‘स’ आणि ‘श’ची शिट्टी, ओठांचे आवाज, माइकची हिस लगेच कानावर येते. बोलण्याच्या एडिटिंगसाठी माझी पहिली पसंती याला. दिवसभर गाणी ऐकायला मात्र तो काहींना तिखट वाटेल. वायर कपातून सुटी होत नाही, हा त्याचा मोठा तोटा.

ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम२०एक्स आणि एम४०एक्स. एम२०एक्स या मालिकेतला सर्वांत स्वस्त, ४७ ओहमचा, तीन मीटरच्या पक्क्या वायरचा. शिकणाऱ्यांसाठी आणि ट्रॅकवर गाणाऱ्यांसाठी रास्त. एम४०एक्सची वायर सुटी होते. पैसे असतील तर एवढ्या एका सोयीसाठी एम४०एक्सकडे जावं असं मी सांगेन.

सेनहायझर एचडी २८० प्रो. ६४ ओहम, बंद. बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत अडवतो असा कंपनीचा दावा आहे. ढोलकी, तबला वाजवणाऱ्यांना याचा फायदा. डोक्यावर घट्ट बसतो, म्हणून मोठ्या डोक्याच्या आणि चष्मेवाल्या मंडळींनी लावून बघितल्याशिवाय घेऊ नये.

एकेजी के२४० स्टुडिओ. अर्धउघडा, ५५ ओहम, सुटी वायर. मिक्सिंग शिकायला बरा. माइकसमोर लावायला नको.

या नावांपलीकडेही चांगले हेडफोन आहेत. कुठलाही घ्या, दोन गोष्टी बघा: कंपनी माइक, इंटरफेस, मिक्सर अशी ध्वनीची साधनं बनवते का, आणि तेच मॉडेल काही वर्षं टिकून आहे का. मॉडेल टिकलं की त्याचे सुटे भाग मिळतात, मोजमापाचे आलेख मिळतात, आणि त्याच्या खोडी लोकांना माहीत झालेल्या असतात. दर सहा महिन्यांनी नवं नाव घेऊन येणाऱ्या हेडफोनबद्दल यातलं काहीच मिळत नाही.

व्हिडिओतली परीक्षणं बघत असाल तर खाली दिलेल्या खरेदीच्या दुव्यावर परीक्षकाला कमिशन मिळतं का, ते तपासा. पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या शिफारशीवर तशी स्पष्ट खूण हवी, असा जाहिरात मानक परिषदेचा नियम २०२१पासून आहे. आणि व्हिडिओतून ‘आवाजाचा नमुना’ ऐकून हेडफोन निवडू नका. तो नमुना तुम्ही तुमच्याच जुन्या हेडफोनमधून ऐकत असता.

घरी आणल्यावरची तपासणी

परतीची मुदत चालू असतानाच पुढच्या गोष्टी करून घ्या. एक संध्याकाळ मोडेल, पण खरा निर्णय इथे होतो. सगळ्या तपासण्या आवाज कमी ठेवून सुरू करा.

१. स्वतःचा आवाज. नेहमीच्या माइकवर दोन वाक्यं रेकॉर्ड करा. एकात ‘स’, ‘श’, ‘च’ भरपूर असू द्या: ‘शेजारच्या सुशीलाताईंनी चमचाभर साखर चहात सांडली.’ दुसऱ्यात हवेचा झोत सोडणारी अक्षरं घ्या: ‘पाऊस पडला, भाकरी भाजली, फाटक बंद झालं.’ नव्या हेडफोनवर ऐका. ‘स’ कुठे टोचतो, ‘प’ आणि ‘भ’ला माइकवर धप्प कुठे होतं, दोन शब्दांच्या मध्ये तोंड उघडल्याचा आवाज कुठे येतो, हे अक्षरागणिक बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. जुन्या हेडफोनवर हे ऐकूच आलं नव्हतं आणि आता येतंय, तर हेडफोनने त्याचं काम केलं. काहीच नवीन कळत नसेल तर परत करा.

२. मध्यभाग. तेच रेकॉर्डिंग मोनोमध्ये वाजवा. आवाज बरोबर डोक्याच्या मधोमध वाटायला हवा. एका बाजूला झुकलाय असं वाटलं तर हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. झुकाव कपाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष हेडफोनचा किंवा ज्या फोन-लॅपटॉपला जोडलाय त्याचा. दुसऱ्या फोनला लावून खात्री करा. झुकाव आहे त्याच बाजूला राहिला, तर प्रश्न कानाचा आहे. असं वारंवार होत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

३. खडखड. २० हर्ट्झपासून वर सरकत जाणारा सूर (साइन स्वीप) मोफत मिळतो. तो हळू आवाजात चालवा. खालच्या स्वरांत एखाद्या कपातून कागद फडफडल्यासारखी खडखड आली तर ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर) सदोष आहे. आधी कपात केस शिरलेला नाही ना, ते बघा. ड्रायव्हरवर टेकलेल्या केसानेही असाच आवाज येतो.

४. ओळखीचं संगीत. तोंडपाठ असलेलं, भरपूर वेळा ऐकलेलं गाणं लावा. तानपुऱ्याची जवारी एकसंध झणत्काराची वाटते की त्यातले स्वर वेगळे निघतात? बायाची घुमक संपते कुठे ते कळतं, की नुसता ढब ढब असा गोळा येतो? स्वस्त हेडफोनमधला फुगवलेला बेस इथे उघडा पडतो. पहिल्या पाच मिनिटांत तो फार आवडतो, हे लक्षात घेऊनच ऐका.

५. आवाजाची गळती. गाताना ठेवता तेवढ्याच आवाजात मेट्रोनोम लावा, हेडफोन घाला, माइक नेहमीच्या अंतरावर ठेवा आणि अर्धा मिनिट गप्प बसून रेकॉर्ड करा. मग ते रेकॉर्डिंग मोठं करून ऐका. टकटक स्पष्ट येत असेल तर ती तुमच्या प्रत्येक संथ आलापामागे येणार. बरेच गायक सुराचा अंदाज यावा म्हणून एक कप कानामागे सरकवतात. तसं करत असाल तर त्या बाजूचा आवाज इंटरफेसमधून बंद करा किंवा तो कप डोक्याला घट्ट टेकवून ठेवा. नाहीतर कितीही महागाचा हेडफोन घेतलात तरी गळती व्हायचीच.

६. बसणं. किमान अर्धा-पाऊण तास सलग घालून एडिटिंग करा, आणि चष्मा असेल तर चष्म्यासकट. चष्म्याच्या काडीमुळे गादी आणि त्वचेमध्ये फट राहते आणि तिथून बेस निसटतो. मोठी कर्णफुलं आणि उंच अंबाडा यांनीही हेच होतं. कान गरम होणारच. कपाळाच्या बाजूला दुखायला लागलं तर मात्र ‘सवय होईल’ म्हणत ठेवू नका.

७. वायर. आवाज चालू ठेवून पिनपाशी आणि कपापाशी वायर हलकेच हलवा. एका बाजूचा आवाज तुटला तर त्याच दिवशी परत.

हेडफोनच्या माथी मारले जाणारे दोष

नवा हेडफोन लावल्यावर सलग गुणगुण ऐकू आली तर लगेच विक्रेत्याला फोन करू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. लॅपटॉप चार्जरवर असताना, विशेषतः घरात अर्थिंग नीट नसेल तर, तीच गुणगुण ऑडिओत उतरते. चार्जर काढून बॅटरीवर ऐका. थांबली तर हेडफोन निर्दोष आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

सूं असा आवाज येत असेल तर माइकचा गेन जास्त आहे का, ते बघा. आणि रेकॉर्डिंग डब्यात बोलल्यासारखं येत असेल तर तो खोलीचा दोष आहे. चांगल्या हेडफोनवर तो जास्त स्पष्ट ऐकू येतो इतकंच. ज्यांच्या हातात एकूण पाच-सहा हजारच आहेत आणि बोलण्याचं काम करायचं आहे, त्यांनी आधी खोलीतला घुमारा कमी करावा: जाड पडदे, भिंतीला गोधड्या, पुस्तकांनी भरलेलं कपाट पाठीमागे. मग माइक. हेडफोन त्यानंतर.

गाद्या, वायर आणि कान

किंमत सांगताना कुणीही सांगत नाही तो खर्च म्हणजे इअरपॅडचा. कृत्रिम चामड्याच्या गाद्या घामाने आणि दमट हवेने सोलवटतात. मुंबई, कोकण, गोव्यात हे लवकर होतं, आणि काळे पापुद्रे कानाला चिकटू लागतात. वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवा. बदली गाद्या कंपनीच्या किंवा त्याच जाडीच्या घ्या. जाड, मऊ, वेगळ्या कापडाच्या गाद्यांनी आवाजच बदलतो. तुमच्या मॉडेलच्या गाद्या बाजारात सुट्या मिळतात का, हे खरेदीआधीच बघून ठेवा.

पक्की वायर तुटली तर सोल्डरिंग करून घ्यावी लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे हे काम करून देणारे आणि पिना विकणारे सापडतात. वॉरंटी चालू असताना मात्र बाहेर उघडायला देऊ नका, वॉरंटी जाते.

आता कानाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित धरला जातो. ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते. एडिटिंग करणारा माणूस रोज कित्येक तास हेडफोन घालून बसतो, म्हणून हे त्याने सगळ्यात मनावर घ्यायला हवं. दर तासाला दहा मिनिटं कान मोकळे ठेवा. दिवसाअखेर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज नक्कीच जास्त होता.

बिल, वॉरंटी आणि तुमचे हक्क

नाव मोठं तितक्या त्याच्या नकला जास्त. गाजलेलं मॉडेल निम्म्या किमतीत दिसलं तर विक्रेता कोण आहे ते आधी बघा. पाकिटाचं सील फोडतानाचा सलग व्हिडिओ काढून ठेवा आणि सीरियल नंबरचा फोटो घ्या.

- बिल मागा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- खोका वाचा. आयात केलेल्या वस्तूवर आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क छापलेला हवा. हे नसेल तर भारतातली वॉरंटीही बहुधा नसते.
- वॉरंटीत काय नाही ते विचारा. गाद्या आणि वायर बहुतेक वेळा वगळलेल्या असतात.
- ‘फक्त बदलून मिळेल’ की ‘पैसे परत’? ऑनलाइन घेताना हे ऑर्डर देण्याआधी वाचा. वस्तू आवडली नाही आणि वस्तू सदोष निघाली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न आवडलेली वस्तू परत घेणं विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून असतं. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा ठरते. दुकानातल्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला दबू नका.
- तक्रार लेखी करा. ई-कॉमर्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते, असं २०२०चे नियम सांगतात.
- तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही करता येते, वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करा.

आवाजावर पोट असलेल्यांनी एक बारकावा ध्यानात घ्यावा. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. पण स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेल्या वस्तूला यातून सूट आहे. निवेदक, गायिका, शिक्षक म्हणून तुम्ही एकट्याने काम करत असाल तर बिल स्वतःच्या नावावर घ्या.

केव्हा थांबावं

तुमच्याकडे आधीच वायरचा बरा हेडफोन आहे आणि स्वतःच्या आवाजाच्या तपासणीत त्याच्यावर सगळे दोष ऐकू येत आहेत, तर नवीन घेऊ नका. दोन हजारांच्या आत ‘स्टुडिओ’ लिहिलेला अनोळखी कंपनीचा हेडफोन दिसला तर तो घेण्यापेक्षा दोन महिने थांबून एम२०एक्ससारखा घ्या. आणि पंधरा-वीस हजारांचं बजेट आहे, मिक्सिंगच करायचं आहे आणि खोली शांत आहे, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तुम्ही उघड्या कपांचे हेडफोन किंवा छोटे मॉनिटर स्पीकर ऐकायला जा.

बाकी सगळ्यांनी बंद कपांचा, वायरचा, शक्यतो सुट्या वायरीचा हेडफोन घ्यावा, पक्क्या बिलासकट घ्यावा, आणि परतीची मुदत संपायच्या आत त्यावर स्वतःचं एक तरी रेकॉर्डिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एडिट करून बघावं.